बोटभर उतार

वहिनीने बातमी दिली ती चहा ढवळता ढवळता. “वन्सं, तुमचं ते गोदाम काल जळलं म्हणे. पार राख.” मग चमचा बशीत ठेवला, मोबाइल पालथा घातला आणि वर म्हणाली, “माणूस मात्र कुणी गेलं नाही हं. नुसते कपडे. सुटलात बाई!” मधलीच्या तोंडातला घोट तोंडातच राहिला. थुंकावा तर समोर वहिनीचा नवाकोरा टेबलक्लॉथ. दादा वर्तमानपत्रामागून “अरेरे” म्हणाला. दादाचं अरेरे ठरलेलं असतं. नळाचं पाणी गेलं तरी तेवढंच, आई गेली तरी तेवढंच. मधलीने कसाबसा घोट गिळला, कप ठेवला आणि विचारलं, “सगळे? सगळे कोट?” “आता ते मी कसं सांगणार? मोजायला गेले होते का मी?” वहिनी म्हणाली. “पण एवढं तोंड काय करायचं त्यात? पुन्हा शिवतील. तुम्हाला काय, पुन्हा उभं राहायचं.” हे शेवटचं ती हसून म्हणाली. हसून म्हटलं की काहीही म्हणता येतं, हा तिचा जुना हिशोब.

मधली हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, घरात तर ती धाकटी. हे कारखान्यातलं नाव. कोट विकायला निघण्याआधी तो कुणाच्या तरी जिवंत अंगावर बसवून पाहावा लागतो. लहान माप आणि मोठं माप मागाहून कागदावर निघतं, आधी निघतं ते मधलं, आणि गेली बावीस वर्षं ते निघत होतं हिच्या अंगावरून. ती उभी राहायची, मास्तर टाचण्या लावायचे, आणि ती सांगायची : इथे ओढतंय, इथे फुगतंय, बाहीने काखेत चावा घेतला, बसल्यावर पाठ ताणतेय. लोकांना वाटतं, उभं राहायला काय लागतं! वहिनी शेजारणींना सांगायचीसुद्धा, “आमच्या वन्सं ना, नुसत्या उभ्या राहतात. मलाही जमेल, मापाने आम्ही सारख्याच.” जमेल, डोंबल जमेल. चार तास एका जागी उभं राहायचं, आणि उभं राहून उभं असल्याचं विसरायचं नाही. कापडाचं म्हणणं अंगाने ऐकायचं आणि तोंडाने सांगायचं. मास्तरांनी पहिल्या वर्षी एकदाच तिला टेप लावली, आकडे एका पुठ्ठ्यावर लिहिले, पुठ्ठा भिंतीला ठोकला, आणि त्यानंतर कधी टेप लावली नाही. नव्या कोणी शंका काढली तर म्हणायचे, “टेप चुकेल, मधली नाही चुकायची.” हे वाक्य कारखान्यात म्हणीसारखं झालं होतं. मधलीला ते आवडायचं. एवढं आवडायचं की बावीस वर्षांत तिने केकला हात लावला नव्हता, आणि कारण कुणाला सांगितलं नव्हतं.

नुसते कपडे. रस्त्याने चालताना ते दोन शब्द दाताखाली खड्यासारखे येत राहिले. सकाळी कामाला निघालेल्या बायका समोरून येत होत्या, थंडी पडायला लागली होती, त्यामुळे अंगावर कोट होते. एरवी हा रस्ता तिच्या आवडीचा. हा आपला, हा पाच वर्षांपूर्वीचा, हा चौकोनी खिशांचा, त्या वेळी मला सर्दी झाली होती. अनोळखी बाईच्या पाठीवर स्वतःची पाठ ओळखायची आणि कुणाला न सांगता पुढे जायचं, अशी तिची चैन. आज मात्र तिला त्या सगळ्या बायकांचा राग आला. कशा चालल्यात बघा, छाती काढून, खांदे ताठ, यांचं कुणाचं काही जळलं नाही. एकीची पिशवी तिला घासली आणि ती “सॉरी हं” म्हणाली. “डोळे आहेत का भोकं?” मधली एवढ्या जोरात म्हणाली की दोघं-तिघं वळून बघायला लागले. बघू देत. तिची स्वतःची पिशवी उजव्या खांद्यावर होती. पूर्वी डावीकडे असायची, पण गेल्या वर्षी पट्टा डावीकडून घसरायला लागला, दर दहा पावलांनी वर ओढावा लागायचा, म्हणून तिने पिशवी उजवीकडे घेतली. त्याचा त्याहून जास्त विचार तिने केला नव्हता. गेल्या वर्षी कशाचाच विचार करायला सवड नव्हती. गेल्या वर्षी आई होती.

आई पडली ती न्हाणीघरात, मांडीचं हाड गेलं, आणि मग अकरा महिने मागच्या खोलीत खाटेवर. खाटेची उजवी बाजू भिंतीला लागून होती, पायथ्याशी वहिनीचं लग्नातलं कपाट. खाट फिरवली असती तर दोन्ही बाजूंनी उचलता आलं असतं, पण त्यासाठी कपाट हलवायला हवं होतं. “कपाट हलवलं तर फरशीवर ओरखडे पडतील हो,” वहिनी म्हणाली होती, आणि “माझ्या कमरेचं तर तुम्हाला माहीतच आहे.” कमरेचं सगळ्यांनाच माहीत होतं. मग रोज सकाळी कामावर जाण्याआधी, दुपारी मधल्या सुट्टीत धावत येऊन, आणि संध्याकाळी, मधली वाकायची, आई दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकायची, हनुवटी तिच्या डाव्या खांद्यावर रुतवायची, आणि मधली तिला उचलून खुर्चीत घ्यायची. खुर्चीतून परत खाटेवर. उजवा खांदा वापरायला जागाच नव्हती, तिकडे भिंत. “हळू! पोतं आहे का मी?” आई ओरडायची. पोतं बरं, पोतं बोलत नाही. आणि अगदी उचलायच्या क्षणी, दर वेळी, न चुकता, कानाशी ओला श्वास टाकत हळूच म्हणायची, “पडेन गं मी.” “नाही पडणार.” “सोडशील तू.” “नाही सोडणार.” दिवसातून सहा वेळा हीच चार वाक्यं. कधी कधी मधलीला वाटायचं, सोडून द्यावी. खरंच वाटायचं, देवाशपथ. मलमाचा वास, ती खुपणारी हनुवटी, आणि रविवारी दादा दारात उभा राहून “काय आई, बरी ना?” म्हणाला की आईचा उजळणारा चेहरा. उचलायची हिने, उजळायची त्याला बघून. शेवटी सगळे म्हणाले, मुलाने खांदा दिला हो. दिला. पाव तास. आणि आई गेल्यावर महिन्याभरात कपाट हललं, मागच्या खोलीत वहिनीचं शिवणयंत्र आलं. फरशीवर एकही ओरखडा पडला नाही. मधलीने वाकून पाहिलं होतं.

कारखान्यात शिरताना तिला वाटलं होतं, सुतक असेल. यंत्रं बंद असतील, मास्तर डोक्याला हात लावून बसले असतील. तर तिथे चहा चालला होता. हसणं थांबलं ते ती आत आल्यावर, आणि तेही लगेच नाही. ऑफिसच्या दारात मालकीणबाई उभ्या होत्या, रात्रभर झोप नसावी, पण चेहऱ्यावर दुःख म्हणावं असं काही नव्हतं. कुठलीशी वायर जुनी झाली होती, तिथून पेट घेतला, एवढंच कळलं होतं. आग कुणी लावली नव्हती, पण रडतही कुणी नव्हतं. “ये, मधले,” काजबटणवाली म्हणाली. ती बावीस वर्षांपासूनची मैत्रीण, तिच्या पोटात काही राहत नाही. “बरंच झालं म्हणायचं. सुंठीवाचून खोकला गेला.”

“कसला खोकला?”

काजबटणवालीने जीभ चावली. मास्तरांनी खडूचा तुकडा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी मालकीणबाईच म्हणाल्या, “सांगा की मास्तर. कधीतरी सांगायलाच लागणार.” मास्तर सांगायला लागले ते खडूकडे बघत. चार दिवसांपूर्वी एका दुकानातून फोन आला होता. पहिला गठ्ठा त्यांच्याकडे गेलेला, त्यांनी कोट पुतळ्यांवर चढवले, तर एकूण एक डावीकडे पडलेला. तो गठ्ठा त्यांनी परत पाठवला, आणि तो धरून तीन हजार दोनशे कोट गोदामात होते. मास्तरांनी कागद काढून तपासले. कागदातच होतं. एरवी कोटाची एकच बाजू अंगावरून काढतात आणि दुसरी तिच्यावरून उलटून घेतात, म्हणजे दोन्ही खांदे आपोआप सारखे येतात. पण या वर्षीचा कोट तिरक्या बटणपट्टीचा, एकाच बाजूला मोठी कॉलर, म्हणून डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, दोन्ही मधलीच्या अंगावर टाचण्या लावून काढलेल्या. आणि डावा खांदा बोटभर खाली आला होता. “एवढा,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी स्वतःचं आडवं बोट दाखवलं. त्या बोटाला खडू लागला होता. “सगळा माल उसवायला लागला असता,” मालकीणबाई म्हणाल्या. “बाजारात नाचक्की ती वेगळीच. आता काय, आगीत गेला. आगीला कुणी नावं ठेवत नाही.”

मधली म्हणाली, “माझे खांदे सारखे आहेत.”

“मग लावा टेप,” मालकीणबाई म्हणाल्या. आणि बावीस वर्षांनी मास्तरांनी तिला टेप लावली. सगळे बघत होते. त्या खोलीत ती हजारदा उभी राहिली होती, पण कधी कुणी असं तिच्याकडे बघितलं नव्हतं. बघायचे ते कापडाकडे. मानेच्या हाडापासून उजवा खांदा, मानेच्या हाडापासून डावा खांदा, खांद्यापासून जमीन, इकडून आणि तिकडून. आकडे त्यांनी मोठ्याने वाचले नाहीत. काजबटणवालीने नजर दुसरीकडे वळवली, आणि त्यावरून मधलीला आकडा कळला. “तुम्हाला दिसलं नव्हतं?” तिने मास्तरांना विचारलं. “तुमच्या डोळ्यांसमोर होते ना मी? टाचण्या तुम्हीच लावल्या ना?” “दिसलं होतं,” मास्तर म्हणाले. “पण वाटलं, माझीच नजर गेली. तू चुकशील असं नाही वाटलं गं. तू म्हणालीस, बसला.”

म्हणाली होती. तो दिवस तिला लख्ख आठवला. आईला खाटेवर पडून नववा महिना होता. सकाळी आईला उचलताना खांद्यात कळ गेली ती हातापर्यंत, वहिनी दारात येऊन म्हणाली, “जपून हं,” आणि गेली. कारखान्यात पोचायला उशीर झालेला. मास्तरांनी कच्च्या कापडाचा कोट अंगावर चढवला, टाचलं, सोडलं, पुन्हा टाचलं, डावीकडे पुनःपुन्हा चिमूट घेत राहिले, आणि मग एकदम तो कोट तिच्या खांद्यावर असा बसला की तिचे डोळेच मिटले. कित्येक महिन्यांत त्या खांद्यावर पहिल्यांदा असं काही आलं होतं जे ओढत नव्हतं, खुपत नव्हतं, पडेन म्हणत नव्हतं. “बसला,” ती म्हणाली होती. “मास्तर, आजवर असा एकही बसला नाही.” आणि मास्तरांनी खूश होऊन त्यावर सही केली होती.

म्हणजे त्या गोदामात ते होतं. तीन हजार दोनशे कोट, ओळीने टांगलेले, आणि प्रत्येकाचा डावा खांदा आईच्या हनुवटीएवढा वाकलेला. शहरभर गेले असते. कुठल्या कुठल्या बायकांनी घातले असते, आरशात बघून कुरकुरल्या असत्या, परत केले असते, शिव्या घातल्या असत्या. घालू दे! पण त्या शिव्यासुद्धा कुणीतरी कशाला तरी घातल्या असत्या. अकरा महिन्यांचं दुसरं काय उरलं होतं? खाट मोडीत गेली, खोलीत शिवणयंत्र आलं, दादाचं अरेरे हवेत विरलं. उरलं होतं ते तिथे, आणि तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा ते काल रात्रीच जळून गेलं होतं, आणि माणसं चहा पीत म्हणत होती बरं झालं. तिला लाज वाटत होती, नाही असं नाही. मधली चुकली होती, आणि मधली चुकली तर मग मधली कोण? पण लाजेहून राग मोठा होता. तिला मालकीणबाईंचा राग आला, काजबटणवालीचा आला, मास्तरांच्या नजरेचा आला, आईचा आला, मेली जाता जाताही खांदा घेऊन गेली. रडू मात्र येत नव्हतं. रडू आलं असतं तर यांना बरं वाटलं असतं.

“हे बघ,” मालकीणबाई म्हणाल्या, आवाज मऊ करून. मऊ आवाजाच्या माणसापासून चार हात लांब राहावं. “तुला काढत नाहीये मी. तपासणीच्या टेबलावर बस, खुर्ची देते चांगली. बावीस वर्षं उभी राहिलीस, आता बस की जरा. मापाला पुतळा मागवलाय. पुतळ्याचे खांदे उतरत नाहीत.”

“पुतळा सांगेल का तुम्हाला, कुठे ओढतंय ते?”

“तू तरी कुठे सांगितलंस?” मालकीणबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच आपण जास्त बोललो असं वाटलं असावं, कारण त्या एकदम मास्तरांकडे वळून कामाचं बोलायला लागल्या : तो भिंतीवरचा पुठ्ठा काढा, आणि तो पास केलेला नमुना आहे ना, तोही उसवून टाका, कुणाच्या नजरेला पडायला नको. नमुना खुंटीला होता. प्रत्येक कोटाचा एक नमुना सही करून, दोरीने शिक्का बांधून कारखान्यात ठेवतात, त्याच्याशी ताडून बाकीचे शिवतात. गोदामात जळले ते त्याचे भाऊबंद. हा इथे होता म्हणून वाचला. गडद निळा, तिरक्या पट्टीचा, खुंटीवरसुद्धा डावीकडे कललेला. आता कळल्यावर ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

“मला द्या तो,” मधली म्हणाली.

“कशाला? कुठे घालणार?”

“जगात मला एकटीलाच बसतो ना तो? मग माझाच झाला.”

मालकीणबाईंनी खांदे उडवले, दोन्ही सारखे. “ने. पण आमचं लेबल काढून ने.” मास्तरांनी कात्रीच्या टोकाने लेबलाचा एकेक टाका तोडला. एरवी हे काम ते मदतनिसावर टाकत, आज स्वतः केलं, आणि लेबल निघाल्यावर तिथली सुतं बोटाने वेचून काढली. कोट तिच्या हातात देताना काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. “नका,” मधली म्हणाली. “आता काही म्हणू नका, मास्तर.” टेबलाजवळची खुर्ची तिने पाहिली. तिच्यावर कुणीतरी आधीच उशी ठेवली होती, आणि त्या उशीने तिच्या जिवाचा जितका संताप झाला तितका आगीनेही झाला नव्हता.

ती दुपारभर चालत राहिली, कोट अंगात घालून. दुकानाच्या काचेत स्वतःला बघायचं टाळत होती, आणि टाळता टाळता प्रत्येक काचेत बघत होती. तिला काहीच वाकडं दिसत नव्हतं. अगदी सरळ बाई, सरळ कोट. त्यात वाकडं काय आहे हे कळायला दुसऱ्या कुणाच्या अंगावर बघायला हवं होतं. संध्याकाळी घरी आली तेव्हा दादा टीव्हीसमोर होता आणि वहिनी मागच्या खोलीत शिवणयंत्रावर पडद्याला पट्टी मारत होती. यंत्र तिथे, जिथे खाट होती. आरसाही आता तिथेच, कपाटाच्या दाराला. “अगबाई, वाचला की एक!” वहिनी उठलीच. कमरेचं काही आड आलं नाही. “काय सुरेख रंग आहे हो! वन्सं, तुमच्याकडे ढीगभर आहेत, हा मला द्या. घालून तर बघते. मापाने आपण सारख्याच.”

मधलीने कोट काढला आणि वहिनीला मागून धरला, मास्तर धरतात तसा. वहिनीने हात घातले. दादा गंमत बघायला दारात येऊन उभा राहिला, नेहमीच्या जागी. “हात वर करा,” मधली म्हणाली. “खाली सोडा. वळा. आता सांगा, कुठे ओढतंय, कुठे सैल आहे.” वहिनीला मजा वाटली. “परीक्षाच की हो ही!” ती आरशापुढे वळली, गळ्याशी हात फिरवला, खिसे चाचपले, आणि मग तिचं बोट डाव्या खांद्यावर थांबलं. “इकडे छान आहे,” उजवीकडे थोपटत ती म्हणाली. “पण इथे... इथे मानेपाशी काहीतरी पोकळ आहे. हात जातो बघा आत. काही भरायचं राहिलंय का इथे?” तिने ओढलं, झटकलं, बटण काढून पुन्हा लावलं. “खांदा उतरलाय याचा! तरीच म्हटलं फुकटात कसा दिला.” दादा हसला.

वहिनी हार मानणाऱ्यातली नव्हती, आणि कोट तर तिला हवाच होता. तिने आरशात डोळे बारीक केले, डावा खांदा थोडा खाली घेतला, आणखी थोडा, मान जराशी उजवीकडे कलती केली, आणि पोकळी नाहीशी झाली. कापड अंगाला लागलं. पट्टी सरळ पडली. कोट खरोखर सुंदर होता, आता दिसला. “बघा!” वहिनी विजयाने म्हणाली. “बसला! अशी उभी राहिले ना, की अगदी बसतो.”

“बसला?”

“बसला की! उभं राहायचं तर आहे.”

“मग आता अशाच उभ्या राहा, वहिनी,” मधली म्हणाली. “अकरा महिने.”

दारातला दादा काही म्हणाला नाही, अरेरेसुद्धा नाही. वहिनी हसायला गेली, पण हसू आलं नाही, आणि खांदा वर घ्यायचंही तिला सुचलं नाही.